यल्लाप्पांची साक्ष

सीमाभागाच्या मोर्चात यल्लाप्पा कधी मागच्या रांगेत उभे राहिले नाहीत, आणि कोर्टात तर नाहीच नाही. खानापूरच्या कोर्टात पुकारा झाला, की टोपी सारखी करून पुढं व्हायचं. न्यायाधीश कन्नडातून विचारायचे, आणि हे खणखणीत आवाजात म्हणायचे, "कबूल!" शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा असा आवाज रंगमंचावरच्या राजालासुद्धा मिळत नाही. मग दंड भरायचा आणि सगळ्या आरोपींनी मिळून मिसळ खायची. गावाची रीतच ती. नाकबूल जाणारा भित्रा.

यंदा मात्र आरोपींत त्यांची लेक रचना होती. आयर्लंडात नर्स असलेली, रजेवर आलेली. विनापरवाना मोर्चाच्या खटल्यात पोलिसांनी तिचंही नाव घातलं होतं. तारखेच्या आदल्या दिवशी बापलेक वकील समताकडं गेले.

"सगळ्यांसंगं कबूल म्हणतो नि मोकळी होतो, आक्का," रचना म्हणाली. "शनवारी माझं परतीचं इमान हाय."

"मोकळी न्हाय, अडकशील. कबूल म्हटलंस की दंड, नि दंड म्हणजे शिक्षाच. हितली माणसं मिसळ खाऊन इसरतील. तिकडं व्हिसा वाढवताना इचारतील, कधी शिक्षा झालती का? लपवलंस तर लई वाईट. सांगितलंस तर नाकारतीलच असं न्हाय, पर नोकरी टांगणीला लागंल."

यल्लाप्पा ताठ झाले. "आमच्या घरातलं माणूस कोर्टात खोटं बोलत न्हाय, वकीलबाई."

"बरं आप्पा, मोर्चात ही काय करत होती?"

"माझी बीपीची गोळी घरात राहिलती. ती घेऊन आलती. तवाच धरलं आमास्नी."

"घोषणा दिली?"

"ही? हिला एक तरी घोषणा पाठ हाय व्हय!"

"मग उद्या कबूल म्हटली, तर ते खरं हुईल का?"

यल्लाप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी एकेकानं कबूल म्हटलं. रचना म्हणाली, "कबूल नाही." मागून आरोपींतलाच भरमा पुटपुटला, "इमानात बसली नि गाव इसरली!" तिचा खटला वेगळा निघाला. समतानं तिच्या गैरहजेरीची आणि परदेशी जाण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. त्या दिवशी यल्लाप्पा मिसळ न खाताच घरी गेले.

रचना शनिवारी गेली. पुढं तिच्या खटल्यात बचावाची साक्ष द्यायला यल्लाप्पाच उभे राहिले. आजवर तिथं त्यांना एका शब्दावर भागत होतं. आता समता विचारत होती, "गोळी मुलीनंच का आणली?"

मागच्या बाकावर भरमा बसला होता. यल्लाप्पांनी टोपी सारखी केली.

"मला घेरी येत होती. चालवत नव्हतं. मीच फोन करून बोलावलं तिला."

तेही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.