न्यायला कोणी आलं नाही

"ताई, मी काय, थोड्या दिवसांची," असं ती कुठल्याही गोष्टीला म्हणायची. नाशिक रोडच्या आमच्या बालवाडीत शिकवायला आली तेव्हा मी म्हटलं, युनिफॉर्मच्या दोन साड्या घे. तर म्हणाली, "एक पुरे. मी काय, थोड्या दिवसांची."

मुलांना मात्र असा जीव लावायची की विचारू नका. रडकं पोर तिच्या कडेवर गेलं की गप्प. "हात धुतले का रे वाघोबा?" म्हणत सगळ्यांच्या मागे फिरायची. मी चेष्टेने म्हणायचे, "अगं, तुझ्या पगारात एवढं बसत नाही हं!" ती नुसती हसायची.

तिची स्वतःची चार वर्षांची मुलगी ऑस्ट्रेलियात होती, नवऱ्याजवळ.

झालं होतं असं. नवरा तिकडे नोकरीला आणि त्याच्या व्हिसावर ही. दोघांचं बिनसलं, रोजची भांडणं. हिने रडत आईला फोन केला. आईने तेच सांगितलं, जे आपल्याकडे सगळ्या आया सांगतात. "चार दिवस माहेरी ये. डोकं थंड झालं की जावई स्वतः न्यायला येतील." वर आणखी शहाणपण, "पोरीला तिथेच ठेव. एकट्याने सांभाळायची वेळ आली की कसे धावत येतात बघ."

हसू नका. तुमच्याही घरी एखादी मावशी अशीच रुसून आली असेल आणि काका पेढे घेऊन तिला न्यायला आले असतील.

ही आईचं ऐकून एकटीच माहेरी आली. तिकडे नवऱ्याने पोर सांभाळायला स्वतःच्या आईला बोलावून घेतलं आणि व्हिसाच्या खात्याला कळवलं की आमचं नातं संपलं. हिचा व्हिसा रद्द झाला. तिची आई तेव्हा जावयाच्या पाहुणचारासाठी चकलीची भाजणी दळून आणत होती.

मग सातपूरला सासऱ्यांच्या घरी बैठक बसली. सासरे म्हणाले, "आम्ही समजावतो त्याला." डोंबल समजावलं! सगळे चहा पिऊन उठले. वकील म्हणाला, मुलीसाठी तिकडेच जाऊन लढावं लागेल. तिकडे जायचं तर व्हिसा हवा, आणि नवा अर्ज केला की नकार. मला त्या नवऱ्याचा राग येतोच, पण "येतील गं न्यायला" म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांचा जास्त येतो.

ती आता आमच्याकडे नाही. सातपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात बसते. "लहान मुलांत नको वाटतं ताई," बालवाडी सोडताना एवढंच म्हणाली. त्याच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, तिला मुलीचा व्हिडिओ कॉल आला होता. मी शेजारीच डबा खात होते. पोरगी आजीच्या मांडीवर बसलेली.

"आई, आजी म्हणते तू रुसून गेलीस. तुझा रुसवा अजून गेला नाही?"

"गेला गं राणी. कधीच गेला."

"मग ये ना."

तिने फोन आणखी जवळ धरला. पलीकडून आजीचा आवाज आला, "बघ, बोलतसुद्धा नाही ती." आणि फोन बंद झाला.