विहिरीतला गिऱ्हा आणि डेन्मार्कचे पाद्री

मी निघाले त्या दिवशी वसईच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. फादरांनी येऊन आशीर्वाद दिला, शेजारणींनी रोझरी म्हटली आणि पप्पांनी टॅक्सीत बॅग ठेवता ठेवता एकच उपदेश केला. "तिकडे शिकलेली माणसं असतील. आपलं गावठी बोलणं आणि गावठी समजुती इथेच ठेवून जा." मी आज्ञाधारक मुलगी. दोन्ही तिथेच ठेवून आले, आणि पुढची चौदा वर्षं चारचौघांत त्यांचं नावही काढलं नाही.

गावात राहिलेल्यांना वाटतं, आम्ही सगळे दुबईच्या उंच इमारतींत राहतो. मी राहते अमिरातीच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, फुजैरात. मागे उघडे डोंगर, समोर तेल भरून घ्यायला थांबलेली जहाजं. एका शिपिंग एजन्सीत खलाशांच्या क्रू-चेंजचं, म्हणजे जहाजावर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचं, डेस्क माझ्याकडे आहे. कुणाचा व्हिसा, कुणाचा गेट पास, कुणाला जहाजावर नेणारी लाँच किती वाजता, हे सगळं माझ्या डोक्यावर. ऑफिसात हिंदी, ड्रायव्हरशी अरबीतलं यल्ला आणि खलास, घरी शाळेतलं शुद्ध मराठी, आणि माझी अकरा वर्षांची जोॲना या सगळ्याला इंग्लिशमध्ये उत्तर देते. आईची बोली मी फक्त आईशीच फोनवर बोलायचे, तीही दार लोटून.

पास्टर येन्स दर मंगळवारी गेट पासासाठी माझ्या डेस्कवर येत. डेन्मार्कमधल्या एका खेड्यात आयुष्यभर पाद्रीपण करून, निवृत्तीनंतर ते इथल्या खलाशांच्या केंद्रात सेवेला आले होते. मी त्यांना फादर म्हणायचे. ते म्हणत, मी तुमच्यासारखा कॅथलिक नाही, मला बायको होती, चार नातवंडं आहेत. मी म्हणायचे, बरं, फादर.

जहाजावर जाताना त्यांच्या पिशवीत सिमकार्डं आणि लोकरीच्या टोप्या असत, आणि शर्टाच्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्या. प्रार्थना झाली की ते खलाशाला विचारत, लहानपणी आईनं तुला कशाची भीती घातली होती? फिलिपिनो, गुजराती, युक्रेनियन, सगळे आधी हसत आणि मग बोलायला लागत. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. खाली तीन ओळी: कुणी सांगितली, कुणाकडून ऐकली, पुढे कुणाला सांगितली. अशा चिठ्ठ्यांनी बुटांचे खोके भरले होते. एकदा त्यांनी मला केंद्रातलं कपाट उघडून दाखवलं. भुतं, जलपऱ्या, चेटकिणी, सगळ्या देशांच्या, अक्षरानुक्रमानं लावलेल्या. मी त्या कपाटासमोर आपोआप क्रूस काढला. भीतीनं नव्हे. चर्चमध्ये काढतो तसा.

हा नाद त्यांना तरुणपणीच लागलेला. आजाऱ्यांना भेटायला माळरानावर सायकलने जायचे आणि परतताना खिशात एखादी गोष्ट असायची. त्यांच्या गावच्या तळ्यात पांढरा घोडा राहतो म्हणे. मुलं पाठीवर बसतात, तसतशी त्याची पाठ लांब होत जाते, आणि मग तो सगळ्यांना घेऊन पाण्यात शिरतो. हे सांगताना या सत्तरीच्या माणसाचे डोळे असे काही चमकत की माझा इथला दाट करक चहा गार होऊन जाई.

मग एका मंगळवारी त्यांनी मलाच विचारलं. आणि मी चक्क थाप मारली.

खरी गोष्ट अशी. आमच्या वाडीतल्या विहिरीत गिऱ्हा आहे. गिऱ्हा म्हणजे पाण्यात राहणारं भूत. राजेळी केळीचा पहिला घड उतरला की त्यातली एक फणी चर्चमध्ये आशीर्वादाला जाते आणि दुसरी, गिऱ्ह्याचा वाटा म्हणून, कुणाच्या नकळत आई दोरीनं विहिरीत सोडते. ही माझी आई चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी. हे एका पाद्र्याला कसं सांगणार? आम्ही वसईचे लोक पाद्र्यासमोर असं काही बोलतच नाही, आमच्यात ते अंगवळणीच पडलंय. म्हणून मी गिऱ्ह्याच्या जागी संत अंथनींना उभं केलं. बुडणाऱ्या पोराला त्यांनी हात देऊन वर काढलं, आणि तेव्हापासून आम्ही केळी वाहतो. पास्टरांनी शांतपणे लिहून घेतलं. आईचं नाव विचारलं, तेही लिहिलं.

दोन महिन्यांनी कळलं की त्यांची मुदत संपली आणि खोके कोपनहेगनच्या लोककथांच्या संग्रहात जाणार. तिथे ते कायमचे राहणार, कुणी शंभर वर्षांनी आलं तरी वाचता येणार. त्यांनी मला माझी चिठ्ठी दाखवली. सुंदर अक्षरात आईचं नाव, वसई, आणि वर माझं खोटं. रेशनकार्ड आणि चर्चचं रजिस्टर सोडून आईचं नाव कुठे लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. आता ते जगाच्या दुसऱ्या टोकाला राहणार, आणि तेही तिनं कधी न सांगितलेल्या गोष्टीखाली. खरं सांगावं तर आईचं गुपित फुटतं, गप्प राहावं तर हे असं कायमचं राहतं.

शेवटी आईला फोन करून सगळं कबूल केलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या नावावर खोटं घातलंस? पाद्र्याला खरं काय ते सांग. देवाला जे बोलायचंय ते तो मला बोलेल."

पास्टर जायच्या आदल्या दिवशी मी केंद्रात गेले आणि सांगितलं. फणी, दोरी, सगळं, आणि मध्येच लक्षात आलं की आईचे शब्द मी तिच्याच बोलीत म्हणतेय आणि मग इंग्लिशमध्ये समजावतेय. त्यांनी ते बोलीतले शब्दही लिहून घेतले. मला वाटलं, जुनी चिठ्ठी आता फाडतील. त्यांनी ती फाडली नाही. तिच्या कोपऱ्यात लिहिलं, 'पाद्र्याला पहिल्यांदा सांगितली तेव्हा अशी', आणि दोन्ही चिठ्ठ्या दोऱ्यानं एकत्र बांधल्या.

"माझ्या गावात मला खरी गोष्ट मिळायला सहा वर्षं लागली," ते म्हणाले. "तोवर सगळे मला संतांच्याच गोष्टी सांगत होते. माणसं काय लपवतात, तेही मी जपून ठेवतो."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला लाजही वाटली आणि भरूनही आलं. या माणसानं आयुष्यभर लोकांच्या भीतीला आणि लाजेला इतकं जपून हाताळलं, आणि माझ्या लाजेलाही खोक्यात मानाची जागा दिली. मग त्यांनी तिसऱ्या ओळीवर पेन्सिल टेकवली. पुढे कुणाला सांगितली? मी अजून कुणालाच सांगितली नव्हती. त्यांनी ती ओळ कोरी सोडली आणि नंतर कळवायला ईमेलचा पत्ता दिला.

घरी आले तेव्हा जोॲना बाल्कनीत होमवर्क करत होती. मी तिला गोष्ट सांगितली, आईच्याच बोलीत, दार न लोटता. तिला अर्धी कळली, उरलेली तिनं विचारून घेतली. मग जरा वेळ समुद्रातल्या जहाजांकडे बघून तिनं विचारलं, "Mumma, does it know we live here?"

आईला व्हिडिओ कॉल लावला आणि जोॲनाचा प्रश्न पुढे केला, आम्ही इथे राहतो हे गिऱ्ह्याला माहीत आहे का? आई केळीची पानं पुसत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "माहीत आहे की. फणी सोडताना मी घरातल्या सगळ्यांची नावं घेते. तू गेलीस त्या वर्षापासून तुझ्या नावापुढे फुजैरा म्हणते. ही झाली तेव्हापासून हिचंही घेते."

जोॲनाला मी याचं इंग्लिश करून सांगितलं. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि आजीला म्हणाली, तिला येतं तेवढ्या मराठीत, "आजी, माझं नाव कसं घेतेस, म्हणून दाखव."