यादीत नसलेली परात

आधीच सांगते, मी परळीच्या एका शाळेत नऊ वर्षं विज्ञान शिकवलं. अंगात येणं, नजर लागणं वगैरे मुलांनी विचारलं की मी त्यांना प्रश्न विचारून विचारून गप्प करायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय... पण घडलं ते घडलं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझे मिस्टर तिथल्या थर्मल वीजकेंद्रात इंजिनिअर होते. ह्यांच्या एका मित्राने न्यूझीलंडचे फॉर्म पाठवले आणि वर्षभरात आमचं ऑकलंडला जायचं ठरलंसुद्धा. मुंबईच्या एजंटने सांगितलं, बोटीने एकच लाकडी पेटी जाईल. मग क्वार्टरच्या पुढच्या खोलीत दोन ढीग लागले — न्यायचं आणि तिथे नवीन घ्यायचं. प्रत्येक वस्तूवरची थर्मलच्या चिमण्यांची राख पुसायची, हातात धरायची आणि वाद घालायचा. मिक्सर पेटीत गेला, शिलाई मशीन मागे राहिलं, कुकरवरून आमचा दोन दिवस अबोला होता.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, तेलगावहून मदतीला आल्या होत्या. येताना त्यांनी त्यांच्या लग्नातली पितळी परात आणली. मोठी, जड. कडेवर नाव कोरलेलं — ‘सौ. गगाबाई’. कोरणाऱ्याने गंगाबाईतला अनुस्वारच खाल्ला होता. नावाच्या बाजूला एक खोल पोचा. हे सहा वर्षांचे असताना ह्यांच्याच हातून ती माडीच्या जिन्यावरून गडगडली होती.

“सुनबाई, ही तुला,” आत्याबाई म्हणाल्या. “तिथं भाकरी थापताना माझी याद येईल.”

मला न्यायची होती. पण हे म्हणाले, “आई, लई जड हाय गं. अन् तिथं ज्वारीच मिळत न्हाई, परात काय करायची? स्टीलची घेऊ एखादी.”

आत्याबाई नुसतं “बरं” म्हणाल्या. मीही गप्प बसले... ते अजून टोचतं.

दोन दिवसांनी त्या परत निघाल्या. परात पोत्यात गुंडाळून मी स्वतः स्टँडवर नेली, तेलगावच्या एसटीत त्यांच्या पायाशी ठेवली. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभी होते. पेटी भरली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याच अंगणात, सकाळच्या उन्हात. एकेक वस्तू मी हातात दिली, ह्यांनी आत रचली, मी यादी लिहिली. सुताराने आमच्यासमोर खिळे ठोकले.

तीन महिन्यांनी पेटी ऑकलंडला आली. तिथे बाहेरचं सामान फार कडक तपासतात, माती किंवा बी येऊ नये म्हणून. खिळे जसेच्या तसे होते. अधिकाऱ्याने आमच्यासमोर ते उपसले. तो यादीवर एकेक खूण करत गेला आणि सगळ्यात तळाची, माझ्या साड्यांखालची वस्तू वर काढून म्हणाला, “ही लिहायची राहिली का?”

परात. ‘सौ. गगाबाई’. शेजारी पोचा.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे त्या पोच्यावरून नुसता अंगठा फिरवत होते.

मला वाटलं, आत्याबाईंनी कुणाच्या तरी हाती परत पाठवून कशीतरी आत ठेवायला लावली असेल. कशी, ते सुचत नव्हतं. तेलगावात त्यांच्या घरासमोरच्या दुकानात फोन होता. त्या संध्याकाळी लावला. तिकडे दुपार होती. दुकानदाराने त्यांना बोलावून आणलं.

“आत्याबाई, परात तुम्ही पाठवली का?”

“म्या कावून पाठवू? आत्ता भाकरी थापायले न्हवं का त्याच परातीत. हात पिठाचे हायेत माझे.”

मी दुकानदाराला विनंती केली, जरा बघून या. तो जाऊन आला. “ताई, चुलीपाशी हाय की परात. नाव हाय, पोचा बी हाय.”

हे म्हणाले, दोन घडवल्या असतील, दोन्हींवर तीच चूक झाली असेल. मी विचारलं, “आणि पोचा?” त्यावर ह्यांनी परात उचलली आणि पोचा दिव्याखाली धरून पाहिला.

चार वर्षांनी आम्ही तेलगावला गेलो. ऑकलंडच्या परातीचे फोटो बरोबर नेले होते. आत्याबाईंची परात अंगणात उन्हात धरली आणि फोटो शेजारी ठेवले. अक्षराचा तिरपेपणा, पोच्याचा आकार, कडेवरचा बारीक ओरखडा... कशातच फरक नव्हता. आत्याबाईंनी फोटो जवळ घेऊन पाहिला. “हीच की,” म्हणाल्या, जणू त्यात विशेष काहीच नाही.

ह्यांनी फोटो गोळा करून पाकिटात घातले. मग म्हणाले, “आई, मी नको म्हनलो तवा तुला राग आलता का?”

“राग कशाचा रं? तुजं सामान, तुजी पेटी.” त्यांनी परात मांडीवर ओढली. “एसटीत मातर लई रडले. कंडक्टर इचारू लागला, मावशी, कोन वारलं का?”

ह्यांनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. चाळिशीतला माणूस, भर अंगणात. आत्याबाई त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिल्या, आणि मला म्हणाल्या, “जा, च्या ठिव.”

मी आत गेले. चहा ठेवताना विज्ञानाच्या बाईने पुन्हा एकदा सगळं तपासून पाहिलं — स्टँड, पोतं, खिळे, यादी. तेव्हाही काही हाती लागलं नाही, आजही लागत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा.