खिडकीला लावलेला फोटो

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत बसले होते. हर्सूल तलावाकडे फिरायला गेली होती, तिथेच छातीत कळ आली... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. महिना होत आला, तरी मला अजून तिचा रागच येतो. गावभरच्या लोकांची पोटं तपासणारी ही बाई, स्वतःच्या छातीकडे बघायला मात्र हिला सवड नव्हती!

शाळेपासूनची मैत्रीण माझी. रेडिओलॉजिस्ट होऊन तिने सिडकोत सेंटर काढलं, तेव्हा भोवती नुसते मोकळे प्लॉट होते. बघता बघता तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि वसुधाच्या दारातली गर्दीही वाढत गेली. आमच्यावर तिचे खरे उपकार आहेत ते सासूबाईंच्या दुखण्यातले. त्यांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. सर्जन म्हणाले, कॅन्सर असू शकतो, मोठं ऑपरेशन करावं लागेल. सत्तरी ओलांडलेला तो मूठभर जीव... आमच्या तोंडचं पाणीच पळालं. मी त्यांना घेऊन वसुधाकडे धावले. तिने स्वतः एमआरआय केला आणि बराच वेळ स्क्रीनसमोरून हललीच नाही.

"मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं दिसतायत, स्वादुपिंडाची नळीही फुगलेली नाही. साधी गाठ वाटते," ती म्हणाली. "पण नुसतं वाटून भागत नाही. मावशी, याआधी कधी पोटाचा फोटो काढलाय?"

"काढला की," सासूबाई म्हणाल्या. "मुतखडा झाल्ता तवा, धा वर्सं झाली. दुष्काळात टँकरचं पाणी पुरवून पुरवून प्यायचो आम्ही."

"मग कुठंय तो?"

"गावाकडं घराच्या खिडकीला हाय. काच फुटली व्हती, लावला तिथं."

हसावं की रडावं मला कळेना. दुसऱ्या दिवशी दीर गंगापूरहून एसटीने ती सीटी स्कॅनची फिल्म घेऊन आले, चरे पडलेली, कडेला खिळ्यांची भोकं. वसुधाने ती उजेडावर धरली. गाठ तेव्हाही तिथेच होती, जवळजवळ तेवढीच. त्या वेळी सगळे खडा शोधत होते, तिच्याकडे लक्ष कुणाचं जाणार?

"कॅन्सर इतकी वर्षं गप्प बसत नाही, मावशी. आणि तुम्ही तर या गाठीला रोज उन्हात धरून बघत होतात!" वसुधा खळखळून हसली. सर्जनांनाही पटलं. ऑपरेशन टळलं. दरवर्षीची तपासणी मात्र वसुधाने चुकवू दिली नाही. "सारखं काय बघायचं त्यात?" म्हणून सासूबाई कुरकुरायच्या, आणि ती दम देऊन बोलावून घ्यायची.

परवा ती तपासणी होती. वसुधाच्या खुर्चीत आता तिची विद्यार्थिनी बसते. "आजी, गाठ आहे तशीच आहे," ती म्हणाली, आणि सासूबाई एकदम रडायलाच लागल्या. "मी हाय, अन् ती नाय गं..." मलाही आवरेना. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, खुर्चीच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला. दाराशी पोचल्यावर वळून, कुणी न विचारता म्हणाल्या, "पुढल्या सालीबी येते मी."