वेंडेल क्रूपाने कोरी सोडलेली ओळ

"तू नुसते सामने बघायचे पैसे घेतोस," असं कुणी म्हटलं की वेंडेल क्रूपाचं टाळकंच सटकायचं. "बघणारे तिकडे बसलेत, सॉसेज खात," तो म्हणायचा. "मी पारखतो!"

एकतीस वर्षं तो बेसबॉलच्या मैदानांवर बॅटरच्या मागच्या जाळीआड बसून आपल्या संघासाठी खेळाडू पारखत आला. संध्याकाळी मोटेलात कागद भरायचा: नजर कशी, हात किती चपळ, वीसपासून ऐंशीपर्यंत गुण. तळाशी एक ओळ: घ्यावा की घेऊ नये? ती ओळ त्याने कधी कुणाला विचारून भरली नाही, आणि याचा त्याला कोण तोरा! एकदा खुद्द मालकाच्या भाच्यापुढे त्याने ‘घेऊ नये’ लिहिलं, तेव्हा कार्यालयाने त्याला अख्खं वर्ष मिनेसोटाच्या थंडीत पिटाळलं. तरी गड्याने शब्द बदलला नाही.

त्या मार्चमध्ये फ्लोरिडात कॉर्बिन टॅगर्ट एका शाळेच्या मैदानावर खेळून दाखवणार होता. वय बेचाळीस. आदल्याच मोसमात अठ्ठावीस होमरन मारलेले, तरी एकही संघ त्याला घेईना. सर्वांत कमी पगारावर येतो म्हणाला, तरी नाही. आता माणूस काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. ताकदीची औषधं घेतली, शपथेवर खोटं बोलला, एका बातमीदाराची कॉलर धरली. वेंडेललाही तो डोळ्यांसमोर नको असायचा. पण त्याची बॅट! त्या सकाळी चेंडू कुंपण ओलांडून पलीकडच्या चर्चच्या आवारात पडत होते. एरवी एकमेकांची टिंगल करणारे वेगवेगळ्या संघांचे पारखी त्या दिवशी चिडीचूप. कुणी कुणाकडे बघेना. खेळ संपला तसे सगळे मुकाट्याने आपापल्या गाड्यांत बसले.

मोटेलात वेंडेलने गुण भरले. पासष्ट, सत्तर. तळाच्या ओळीशी पेन अडलं. ‘घ्यावा’ लिहिलं तर वरच्यांची तोंडं वाकडी होणार. वय एकसष्ट, करार त्याच वर्षी संपणारा. ‘घेऊ नये’ लिहायला हात धजेना, ते धडधडीत खोटं होतं. त्याने ओळ कोरी सोडली आणि कागद पाठवून दिला. कार्यालयातून त्याबद्दल साधा फोनही आला नाही.

संघांनी संगनमत करून मला बाहेर ठेवलं, असा टॅगर्टने दावा लावला. सुनावणीत त्याची वकील, लिडिया ओखोआ नावाची बाई, हिने वेंडेलपुढे अकरा कागद मांडले.

"अकरा संघांचे पारखी. सगळ्यांचे गुण चांगले, आणि सगळ्यांची शेवटची ओळ कोरी. तुमचं आपसांत काय ठरलं होतं?"

वेंडेलने एकेक कागद उलटून बघितला. त्याला वाटलं होतं, हे पाप आपल्या एकट्याचंच.

"काहीच नाही ठरलं, बाई."

"वरून कुणी सांगितलं? एखादा शब्द, इशारा? नीट आठवा. या माणसाचं सगळं तुमच्यावर आहे."

तो खरंच आठवू लागला. कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, देवा!

"कुणीच नाही."

"मग कोरी का सोडलीत?"

"त्यांना काय हवंय, ते मला माहीत होतं."

"म्हणजे सांगितलं कुणीच नव्हतं," संघांचा वकील बसल्या जागेवरून म्हणाला. "आम्हाला एवढंच पुरे."

बाहेर व्हरांड्यात टॅगर्टने त्याला गाठलं. "म्हाताऱ्या, त्या दिवशी मी वाईट खेळलो का रे?"

"नाही. दहा वर्षांत तसं कुणी खेळलेलं बघितलं नाही मी."

"मी खोटं बोललो तेव्हा समोर सरकारी वकील उभा होता. तुझ्यासमोर कोण होतं?"

टॅगर्ट जिना उतरून गेला.

पुरावा नाही म्हणून दावा फेटाळला गेला. टॅगर्ट पुन्हा कधी मैदानात उतरला नाही.

ऑक्टोबरात कार्यालयाने वेंडेलला बोलावून तीन वर्षांचा नवा करार पुढे केला. कोऱ्या ओळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यासारखा भरवशाचा माणूस हल्ली मिळतो कुठे?"

वेंडेलने सही केली. गाडीत येऊन बसला, आणि चावी फिरवायच्या आधीच त्याला हुंदका फुटला.