पाच खुणांचं सॉफ्टवेअर

नूतन महाजनच्या तोंडून ‘काम झालं’ हे दोन शब्द काढून घेणं महाकठीण. प्रोग्रॅम तिच्या कॉम्प्युटरवर आठवडाभर बिनतक्रार चालला तरी ती म्हणणार, अजून झालेलं नाही. ज्याच्यासाठी बनवला त्याने कुणाला काही न विचारता वापरला, की मग झालं. डिंडोलीत पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आमचं ऑफिस आहे. ती सॉफ्टवेअर बनवते. मी, प्रवीण, गिऱ्हाईक आणतो आणि गोड बोलतो. तिच्या हट्टापायी माझं गोड बोलणं किती वेळा वाया गेलंय ते मलाच माहीत.

पण एकदा तीसुद्धा घाईने ‘झालं’ म्हणून बसली होती.

बमरोलीत ठाकोरभाईंचा ऐंशी लूमचा, कापड विणायचा कारखाना आहे. लूम बंद पडली की दुरुस्ती करणाऱ्या मास्तरला ताबडतोब कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. आम्ही प्रत्येक रांगेला एक स्क्रीन लावला. कारागिराने लूमचा नंबर दाबायचा, मग बावीस कारणांच्या यादीतून एक निवडायचं, की मास्तर शालिग्रामच्या मोबाईलवर निरोप जायचा. यादी गुजराती, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषांत होती. मी तर पेढे वाटून मोकळा झालो.

आठवड्याने ठाकोरभाईंनी बोलावलं. आमच्या अहवालानुसार एका दिवसात ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, एकशे चाळीस बीम संपले होते. लूम ऐंशी, आणि एक बीम कित्येक दिवस पुरतो. यादीत सगळ्यात वर ‘बीम संपला’ होतं आणि कारागीर वाचायच्या भानगडीत न पडता पहिलंच बटण दाबत होते. आवाज न चढवता ठाकोरभाई म्हणाले, आखाजीच्या सणाला माणसं गावी जायच्या आत नीट करा, नाहीतर स्क्रीन काढून न्या. आणखी दोन कारखानदार त्यांच्या शब्दावर थांबले होते. ठाकोरभाई हातचे गेले असते तर ते दोघेही गेले असते, आणि आमची खोलीसुद्धा.

मी म्हटलं, कारागिरांना दोन दिवस शिकवू. नूतनने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप चहा मागवला. चूक त्यांची नाही, आपली आहे, असं म्हणून दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप ऑफिसात ठेवून कारखान्यात जाऊन उभी राहिली. पाच दिवस नुसती उभी.

लूमच्या खडखडाटात तिथे तोंडाने कुणी बोलतच नाही. चिमूट उघडून दाखवली की ताण्याचा धागा तुटला, मूठ फिरवली की मोटार बिघडली, दोन्ही तळवे मागेपुढे हलवले की लूम चालू झाली. शालिग्राम चाळीस पावलांवरून ओळखतो. पाचव्या दिवशी नूतन ऑफिसात आली ती डोळे पुसतच. तिचे वडील, भाईदास, तीस वर्षं लूमवर होते. त्यात त्यांचे कान गेले, आणि घरातले सगळे त्यांच्याशी याच खुणांनी बोलतात. कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या की ती वडिलांना बजावायची, हात हलवू नका.

“मला लाज वाटायची, प्रवीण,” ती म्हणाली. “म्हणून यादी करताना हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.”

त्याच दिवशी तिने भाईदासांना खुर्चीत बसवून, एकेक खूण करायला लावून त्यांच्या हाताचे फोटो काढले. कशासाठी, ते खुणांनी सांगितलं. कान गेलेल्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, “आमले वाचाले कोठे येळ शे? हात दखाडा, मास्तर समजी गया.”

बावीस कारणांची पाच झाली, कारण पाच दिवसांत तिने मोजलेली जवळजवळ सगळे बिघाड त्या पाचांतच होते. नंबरची कटकट नको म्हणून प्रत्येक लूमला पाच बटणांची वेगळी पेटी. बटणावर भाईदासांचा हात, अक्षर एकही नाही. मी म्हटलं, एकदम सगळीकडे लावू, दिवस कुठे उरलेत. तिने एकच रांग लावली. दुसऱ्याच दिवशी कळलं की तेलकट बोटं बटणावरून घसरतात. मोठी बटणं बसवली, मग दुसरी रांग. ऐंशी पेट्या लावल्या असत्या तर ऐंशी उखडाव्या लागल्या असत्या, हे तिने मला ऐकवलं नाही, हे उपकारच.

आखाजीच्या चार दिवस आधी ठाकोरभाई बघायला आले. भाईदास हट्टाने आमच्याबरोबर आले होते आणि फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर थांबले होते. ठाकोरभाईंनी मुद्दाम वाल्मिकला निवडलं. तो जुनाच कारागीर, पण आदल्याच दिवशी अमळनेरहून कामावर परतलेला, पेटीबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. धागा तुटला, लूम थांबली. वाल्मिकने सवयीने हात वर करून चिमूट उघडली, पण शालिग्राम पाठमोरा होता. माझं बोट पेटीकडे वळत होतं, नूतनने माझं मनगट धरलं. वाल्मिकची नजर पेटीवर गेली. तो आपल्या हाताकडे बघून हसला आणि त्याने बटण दाबलं. पलीकडच्या टोकाला शालिग्रामने खिशातून मोबाईल काढला आणि सरळ त्याच लूमकडे चालत आला.

ठाकोरभाई पेटीवर वाकले. फोटोतली करंगळी वाकडी होती.

“आ हाथ कोनो छे?” त्यांनी तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

“मारा पप्पानो,” नूतन त्याहून मोठ्याने म्हणाली.

पेट्या इथेच राहतील, त्या दोघा कारखानदारांना मी स्वतः फोन करतो, असं ठाकोरभाईंनी बाहेर येता येता सांगितलं. नूतन फाटकात थांबली. रस्त्यापलीकडून भाईदास भुवया उंचावून विचारत होते. पाळी बदलायची वेळ होती, रस्ता माणसांनी भरलेला, शेजारी ठाकोरभाई. नूतनने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि तळवे मागेपुढे हलवले. लूम चालू झाली.