टाकीवरचा पोचा

गुलमंडीतल्या एका हौशी माणसानं आमच्या आबांची मोटारसायकल लासूरच्या भंगारातून शोधून काढली आणि ओळख पटवायला मला बोलावलं. "मावशी, टाकीवर हा पोचा कशाचा?" त्यानं टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोलचा कुबट वास आला आणि मी देवगावच्या अंगणात उभी राहिले.

पोलिस ॲक्शननंतर दोन वर्षांनी आमची वाटणी झाली. रान, बैल, भांडी वाटून झाली. गाडीवर आबांचे दोघं मुलगे, माझे भाऊ, अडले. "मंग हिचेबी दोन तुकडे करतो!" म्हणत थोरल्यानं कुऱ्हाड उचलली. "नगं रं!" आबांनी झटकन टाकीवर हात ठेवला. कुऱ्हाड थांबली नाही. तीन बोटं मातीत पडली.

थोरला मरेपर्यंत मी त्याचं तोंड पाहिलं नाही. आज पोच्यावरून बोट फिरवताना आठवलं, असा हात आबांनी आम्हा लेकरांच्या डोक्यावर कधीच ठेवला नव्हता.